एका रात्रीत ताऱ्यांचा जन्म ते मृत्यू: बायनॉक्युलर आणि छोट्या दुर्बिणीतून जीवनक्रम कसा पाहावा

सूर्यासारखा तारा सुमारे १० अब्ज वर्षं जगतो. एकच तारा जन्मापासून मरेपर्यंत पाहणं त्यामुळे कुणालाच शक्य नाही. करायचं एवढंच, की वेगवेगळ्या टप्प्यांवरचे तारे आकाशात शोधायचे आणि त्यांचा क्रम लावायचा. फेब्रुवारीच्या मध्यावर, अमावास्येच्या आसपासच्या संध्याकाळी, कृत्तिकांपासून कर्क राशीपर्यंतच्या पट्ट्यात यातला जवळजवळ प्रत्येक टप्पा सापडतो. कृष्णविवर मात्र या यादीत नाही.

आधी वस्तुमान, मग रंग

आकाशाखाली जाण्यापूर्वी एक गोष्ट पक्की करून घ्या, नाहीतर रात्रभर उलटसुलट निष्कर्ष निघतील. रंग म्हणजे वय नव्हे. निळा तारा तरुण आणि तांबडा तारा म्हातारा, ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती अर्धवट आहे. रंग पृष्ठभागाचं तापमान सांगतो: निळसर पांढरा म्हणजे १०,००० केल्विनच्या वर, पिवळा म्हणजे ५,५०० ते ६,०००, नारिंगी-तांबडा म्हणजे ४,००० किंवा त्याहून कमी. आयुष्य किती आणि मरण कसं, हे मुख्यतः जन्माच्या वेळच्या वस्तुमानावर ठरतं.

ढोबळ हिशेब सोपा आहे. ताऱ्याचं तेज वस्तुमानाच्या साधारण साडेतीनाव्या घाताने वाढतं, इंधन मात्र वस्तुमानाच्या प्रमाणातच असतं. म्हणून आयुष्य (अब्ज वर्षांत) = १० ÷ वस्तुमानाचा अडीचावा घात, आणि वस्तुमान सूर्याच्या पटीत. दोन सूर्यांइतका तारा घेतला तर पावणेदोन अब्ज वर्षं येतात. दहा सूर्यांइतक्या ताऱ्याला जेमतेम ३ कोटी. अर्ध्या सूर्याचं उत्तर ५० अब्जांच्या वर जातं, म्हणजे विश्वाच्या आजच्या १३.८ अब्ज वर्षांच्या वयापेक्षा कितीतरी जास्त. सूत्र ढोबळच आहे, जड ताऱ्यांना ते जरा जास्तच आयुष्य देतं. पण क्रम लावायला पुरतं.

याच कारणाने मृगातला तांबडा तारा काक्षी (बीटलज्यूस) जेमतेम एक कोटी वर्षांचा असूनही शेवटाला आला आहे आणि ४६० कोटी वर्षांचा सूर्य अजून मध्यमवयात आहे.

साधनं आणि तयारी

१०×५० बायनॉक्युलर आणि १०० ते १३० मिमी व्यासाची दुर्बीण पुरेशी आहे. दुर्बिणीला दोन आयपीस हवेत: एक २५ मिमीच्या आसपास, दुसरा १० मिमीचा. ६५० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीत यांनी २६ पट आणि ६५ पट वर्धन मिळतं. बायनॉक्युलर ट्रायपॉडवर लावा. हातात धरून १० पट वर्धनाला प्रतिमा एवढी थरथरते की एखाद-दुसऱ्या प्रतीने मंद असलेले तारे हातचे जातात. (प्रत म्हणजे तेजाचा आकडा; तो जितका मोठा, तितका तारा मंद.)

दुर्बीण निदान अर्धा तास आधी उघड्यावर ठेवा. आरसा गरम असेल तर त्याच्यावरची हवा हलत राहते आणि ६५ पटीला तारे उकळल्यासारखे दिसतात. लोक मग दोष आयपीसला देतात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि मोबाइलकडे एक नजर टाकली की ती सवय मोडते. नकाशा लाल, मंद टॉर्चच्या उजेडात वाचा. अंतरं मोजायला स्वतःचा हात घ्या: हात पूर्ण लांब केला की मूठ सुमारे १० अंश आणि करंगळी १ अंश.

पाहण्याचा क्रम जीवनक्रमाप्रमाणे ठेवू नका, मावळतीप्रमाणे ठेवा. रात्री आठच्या सुमारास एरिडानस या तारकासमूहापासून सुरुवात करा, मग कृत्तिका आणि रोहिणी, मग मृग आणि व्याध, मग मिथुन, आणि साडेनऊ-दहाला कर्क. उलट गेलात तर एरिडानस क्षितिजाजवळच्या धुरकट हवेत बुडालेला मिळेल. खालची मांडणी मात्र जन्मापासून मृत्यूकडे आहे.

जन्म: मृगातला तेजोमेघ आणि टी टॉरी

मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे शोधा. त्यांच्या दक्षिणेला चार-पाच अंशांवर मंद ताऱ्यांची एक छोटी उभी ओळ आहे. तिच्यातला मधला ‘तारा’ नुसत्या डोळ्यांनाही पुसट, कडा विरलेला दिसतो. हाच एम ४२ तेजोमेघ, सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवर. बायनॉक्युलरमध्ये तो पंख पसरल्यासारखा दिसतो. दुर्बिणीत ६५ पटीला त्याच्या ऐन मध्यात चार ताऱ्यांचा लहानसा चौकोन उघडतो. त्यातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्याचं पृष्ठतापमान ४०,००० केल्विनच्या घरात आहे, आणि सगळा मेघ मुख्यतः त्याच्या अतिनील किरणांनी उजळला आहे. हे तारे काही लाख ते एक-दोन दशलक्ष वर्षांचे, म्हणजे तान्हेच.

इथे हमखास निराशा होते, कारण छायाचित्रात लाल-गुलाबी दिसणारा मेघ डोळ्याला करडा, फार तर हिरवट दिसतो. दुर्बिणीत काही बिघाड नाही. मंद उजेडात डोळ्याच्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही, आणि हायड्रोजनचा गडद लाल तर त्यांना जवळपास दिसतच नाही. मेघाकडे थेट बघू नका, नजर किंचित बाजूला ठेवा. कडेचे पापुद्रे तेव्हा उमटतात. प्रत्यक्ष जन्म होत असतो तो मात्र मागच्या थंड, काळ्या धुळीच्या ढगात. तिथलं दृश्य प्रकाशात काहीही दिसत नाही, अवरक्त दुर्बिणीच लागतात.

नुकत्याच बाहेर आलेल्या ताऱ्याचं उदाहरण हवं असेल तर टी टॉरी पाहा. रोहिणी शकट या तारागुच्छाच्या (हायडीज) इंग्रजी ‘व्ही’ आकारात एका हाताच्या टोकाला रोहिणी आहे आणि दुसऱ्या टोकाला एप्सिलॉन टॉरी. या एप्सिलॉनच्या पश्चिमेला दीड अंशावर टी टॉरी आहे, साधारण दहाव्या प्रतीचा, म्हणून दुर्बीण लागते. खगोलशास्त्रज्ञ जॉन रसेल हाइंड यांनी तो १८५२ मध्ये नोंदवला. त्याच्या गाभ्यात हायड्रोजनचं संमीलन अजून सुरू झालेलं नाही. स्वतःच्या गुरुत्वाने आकसताना निघणाऱ्या उष्णतेवर तो चमकतो. त्याचं तेज अनियमितपणे कमीजास्त होतं, त्यामुळे नकाशातल्या प्रतीशी तंतोतंत जुळला नाही तर चुकीचा तारा पकडला असं लगेच समजू नका. शेजारच्या ताऱ्यांच्या मांडणीवरून खात्री करा.

ऐन उमेद: कृत्तिका आणि व्याध

कृत्तिका सुमारे ४४० प्रकाशवर्षांवर आहेत आणि त्यांचं वय १० ते १२ कोटी वर्षं आहे. नुसत्या डोळ्यांनी सहा-सात, बायनॉक्युलरमध्ये कित्येक डझन तारे दिसतात. ठळक तारे सगळे निळसर पांढरे. लांब वेळ उघड्या ठेवलेल्या छायाचित्रात त्यांच्याभोवती निळं धुकं दिसतं, ते त्यांच्या जन्माच्या ढगाचं उरलेलं नाही. वाटेत आलेल्या दुसऱ्याच धुळीवरून त्यांचा प्रकाश परावर्तित होतो आहे.

व्याध दोन सूर्यांइतका, फक्त ८.६ प्रकाशवर्षांवर. तो लाल-हिरवा चमचमतो ती करामत आपल्या वातावरणाची, त्यावरून रंग ठरवू नका. त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे.

वाट बदलते तिथे: रोहिणी शकट

सगळ्या रात्रीत सर्वांत जास्त वेळ द्यावा असं ठिकाण हेच. ‘व्ही’चे दोन हात जिथे मिळतात त्या टोकापासून रोहिणीकडे जाताना साधारण मध्यावर थीटा-१ आणि थीटा-२ टॉरी ही जोडी आहे. दोघांत साडेपाच कलांचं अंतर (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे चांगल्या नजरेला ते डोळ्यांनीच सुटे दिसतात. बायनॉक्युलर लावा आणि फोकस किंचित बिघडवा, म्हणजे तारे टिंबांऐवजी लहान चकत्या होतील. रंग ओळखायची ही खात्रीची रीत आहे. टिंबात प्रकाश एकाच जागी दाटतो आणि सगळंच पांढरं वाटतं, चकतीत रंग पसरून कळतो. आता दिसेल, की थीटा-२ (३.४ प्रत) पांढरा आणि थीटा-१ (३.८ प्रत) नारिंगी आहे.

दोघं एकाच गुच्छातले, वय सारखंच, सुमारे ६५ कोटी वर्षं. तरी एक अजून पांढरा आणि दुसरा राक्षसी झालेला. नारिंगी ताऱ्याच्या गाभ्यातला हायड्रोजन संपला. गाभा आकसला, तापला, भोवतालच्या थरात हायड्रोजन जळू लागला आणि बाहेरचं आवरण फुगून थंड झालं. फुगल्यामुळे पृष्ठभाग थंड होतो आणि एकूण तेज मात्र वाढतं, हे एकदा नीट समजलं की राक्षसी ताऱ्यांचा बाकी गोंधळ उरत नाही. या गुच्छात असे ठळक नारिंगी राक्षसी चार आहेत: गॅमा, डेल्टा-१, एप्सिलॉन आणि थीटा-१. जरा जास्त वस्तुमानाचे तारे आधी वळले, बाकीचे रांगेत आहेत.

रोहिणी स्वतः या गुच्छातली नाही. गुच्छ सुमारे १५० प्रकाशवर्षांवर, रोहिणी ६५ वर; ती फक्त दृष्टिरेषेत आली आहे. तीही राक्षसीच, व्यास सूर्याच्या सुमारे ४४ पट, तापमान ३,९०० केल्विन. काक्षीचा प्रकार निराळा: तो महाराक्षसी, जन्माच्या वेळी पंधरा-वीस सूर्यांइतका, आणि त्याचा शेवट सुपरनोव्हात, म्हणजे प्रचंड स्फोटात होणार. ‘उद्या फुटेल’ अशा बातम्यांकडे दुर्लक्ष करा. पुढच्या एक लाख वर्षांत कधीतरी, एवढंच म्हणता येतं.

शांत मरण

साधारण आठ सूर्यांपेक्षा हलके तारे फुटत नाहीत, आवरण टाकून देतात. टाकलेलं आवरण काही हजार वर्षं चमकतं, ती बिंबाभ्रिका, इंग्रजीत ‘प्लॅनेटरी नेब्युला’. नावात ग्रह असला तरी ग्रहांशी तिचा काही संबंध नाही. जुन्या दुर्बिणींत ती ग्रहासारखी गोल चकती दिसायची इतकंच. मिथुनेतल्या डेल्टा ताऱ्यापासून पूर्व-आग्नेयेला सुमारे अडीच अंशांवर एनजीसी २३९२ आहे. २६ पटीला ती जोडताऱ्यासारखी दिसते, कारण शेजारीच आठव्या प्रतीचा एक खरा तारा आहे. जोडीतला जो काही केल्या फोकसला येत नाही, तीच अभ्रिका. ६५ पटीवर जा. थेट बघितलं की मधला तारा उठून दिसतो आणि चकती विरते, नजर बाजूला नेली की चकती परत येते. ऑक्सिजन-थ्री फिल्टर असेल तर इथे लावा, आकाश काळं पडून चकती उजळते. ताऱ्यांना तो लावू नये, उगाच मंद होतात.

आवरण गेल्यावर उरतो तो श्वेत बटू. छोट्या दुर्बिणीतून श्वेत बटू बघायला सर्वांत सोपी जागा म्हणजे ४० एरिडानी. राजन्यपासून (रायजेल) सरळ पश्चिमेला दीड मूठ जा. तिथे सव्वा अंशाच्या अंतराने चौथ्या प्रतीचे दोन तारे आहेत, त्यांतला दक्षिण-पूर्वेकडचा, किंचित मंद, तो ४० एरिडानी. ६५ पट लावा. नारिंगी मुख्य ताऱ्याच्या पूर्वेला ८३ विकलांवर (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) ९.५ प्रतीचं पांढरं टिंब दिसेल. हा १६ प्रकाशवर्षांवरचा मेलेला तारा: वस्तुमान सूर्याच्या निम्म्याहून थोडं जास्त, आकार पृथ्वीच्या जवळपास दीडपट. आकाश खरोखर काळं असेल आणि दुर्बीण १५० मिमीची असेल, तर या टिंबाला खेटून अकराव्या प्रतीचा तांबडा खुजा ताराही दिसतो. एका दृष्टिक्षेत्रात तिघं भावंडं: सर्वांत जड होतं ते मरून गेलेलं, मधलं अजून हायड्रोजन जाळतं आहे, आणि सर्वांत हलकं शेकडो अब्ज वर्षं पुरवून पुरवून जळणार.

व्याधाचीही तीच कथा. त्याचा जोडीदार व्याध-बी हा श्वेत बटू अल्व्हन ग्रॅहम क्लार्क यांनी ३१ जानेवारी १८६२ ला पाहिला. आज तो एका सूर्याइतका आहे, पण मूळचा सुमारे पाच सूर्यांचा होता, म्हणून व्याधाच्या आधी संपला. हे दोघं ५० वर्षांत एकमेकांभोवती फिरतात. सध्या अंतर सुमारे ११ विकला, म्हणजे बऱ्यापैकी सोयीचं, तरी मुख्य तारा त्याच्यापेक्षा जवळपास दहा हजार पट तेजस्वी असल्याने २०० मिमीची दुर्बीण, २०० पटीच्या वर वर्धन आणि अगदी स्थिर हवा लागते. १३० मिमीत तो दिसला असं वाटलं तर बहुधा आरशाची चमक असते.

श्वेत बटूला वस्तुमानाची मर्यादा आहे: १.४ सूर्य. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३० मध्ये बोटीच्या प्रवासात तिचा हिशेब मांडला. गाभा त्यापेक्षा जड झाला की इलेक्ट्रॉनांचा दाब त्याला तोलू शकत नाही.

आणि स्फोट

जड ताऱ्याच्या गाभ्यात शेवटी लोह साचतं. लोहाच्या संमीलनातून ऊर्जा मिळत नाही, आधार सुटतो, गाभा सेकंदाहून कमी वेळात कोसळतो आणि बाहेरचे थर उडतात. वृषभेतल्या झीटा टॉरीच्या वायव्येला सुमारे एक अंशावर एम १, म्हणजे क्रॅब तेजोमेघ आहे. ४ जुलै १०५४ ला चिनी निरीक्षकांनी नोंदवलेला ‘पाहुणा तारा’ हाच. तो २३ दिवस दिवसाढवळ्या दिसत होता. सुमारे ६,५०० प्रकाशवर्षांवरच्या या मेघात कोसळलेल्या गाभ्याचा उरलेला न्यूट्रॉन तारा सेकंदाला ३० वेळा फिरतो आहे. दुर्बिणीत मात्र फक्त एक लांबट, करडा डाग दिसतो. २६ पटच ठेवा, वर्धन वाढवलं की डाग पसरून आकाशात मिसळतो. शहराच्या उजेडात किंवा चंद्र असताना तो शोधण्यात वेळ घालवू नका.

घरी परतल्यावर: गुच्छाचं वय काढा

जे पाहिलं ते आलेखावर मांडल्याशिवाय जीवनक्रम पूर्ण कळत नाही. ए-४ आलेखकागद आडवा घ्या. आडव्या अक्षावर बी-व्ही रंग-निर्देशांक, −०.३ पासून १.७ पर्यंत, १ सेंमी = ०.१. निळ्या गाळणीतून मोजलेल्या प्रतीतून दृश्य प्रत वजा केली की हा आकडा मिळतो. जितका लहान तितका तारा निळा, सूर्याचा ०.६५. उभ्या अक्षावर दृश्य प्रत, तेजस्वी वर आणि मंद खाली, एका प्रतीला दीड सेंमी. हा अक्ष उलटा घ्यायला विसरलात तर सगळा आलेख डोक्यावर उभा राहतो.

स्ट्रासबर्गच्या सिम्बाद या मोफत डेटाबेसमधून रोहिणी शकटातल्या ४०-५० ताऱ्यांची दृश्य प्रत, बी-व्ही आणि पराशय उतरवा. पराशय म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा जितका सरकल्यासारखा दिसतो तो कोन; तारा जितका जवळ, तितका तो मोठा. पराशयाचा रकाना वगळू नका, परके तारे त्यानेच गाळायचे. शकटाचा पराशय सुमारे २१ मिलिविकला (विकलेचे हजारावे भाग) आहे, रोहिणीचा ४९. म्हणून १९ ते २५ च्या बाहेरचे खोडून टाका. रोहिणी तशीच ठेवली तर ती आलेखात एकटीच फार वर, उजवीकडे बसते आणि गुच्छात एखादा महातेजस्वी राक्षसी असल्याचा भास होतो. गाया उपग्रहाचा रंग-निर्देशांक बी-व्हीपेक्षा वेगळा आहे, दोन्ही एकाच कागदावर मिसळू नका.

डावीकडे वरून उजवीकडे खाली उतरणारी रेघ उमटेल, तो मुख्य क्रम, म्हणजे गाभ्यात अजून हायड्रोजन जाळणारे तारे. ती वरच्या टोकाला जिथे उजवीकडे वळते तिथला, म्हणजे वळणबिंदूचा, बी-व्ही वाचा. जड, निळे तारे आधी वळतात, म्हणून हा आकडा जितका मोठा तितका गुच्छ जुना. कृत्तिकांचा वळणबिंदू −०.१ च्या आसपास येतो, वय १० कोटी वर्षांच्या पुढे. शकटाचा ०.१ ते ०.२, वय सुमारे ६५ कोटी. तिसरा गुच्छ कर्केतला एम ६७ घ्या. प्रश्वा आणि मघा यांना जोडणाऱ्या रेषेच्या मध्यापासून तीन अंश उत्तरेला बायनॉक्युलरमध्ये तो धुक्याचा ठिपका दिसतो. त्याचा वळणबिंदू ०.५५ जवळ आणि वय सुमारे ४ अब्ज वर्षं. त्याचे तारे फार मंद असल्याने उभा अक्ष ९ ते १६ प्रतीचा, वेगळा कागद लागेल.

काही टिंबं रेघेच्या थोडी वर, समांतर पट्टा धरून दिसतील. ती मोजणीतली चूक नाही. दोन सारखे तारे जोडून एकच मोजले गेले की तेज दुप्पट होतं, म्हणजे ०.७५ प्रतीने वर सरकतं. रंग तोच राहतो. एम ६७ मध्ये वळणबिंदूच्या वर डावीकडे काही एकटे निळे तारे सापडतात. इतक्या जुन्या गुच्छात ते उरायलाच नको होते. जोडीदाराचं द्रव्य ओढून किंवा दोन तारे एकत्र येऊन ते पुन्हा जड झाले, असं स्पष्टीकरण दिलं जातं. वय काढताना त्यांना बाजूला ठेवा.

काक्षीची नोंद

महिन्यातून दोनदा काक्षीची प्रत डोळ्यांनी ठरवा. एका बाजूला प्रश्वा (०.४), दुसऱ्या बाजूला रोहिणी (०.९), आणि काक्षी दोघांच्या मध्ये कुठे बसतो ते ०.१ पर्यंत लिहा. फेब्रुवारी २०२० मध्ये धुळीच्या ढगामुळे तो १.६ पर्यंत उतरला होता. तसं झालं तर तुलनेला मृगातलाच १.६ प्रतीचा गॅमा तारा घ्या. तिन्ही तारे क्षितिजापासून साधारण सारख्या उंचीवर असतानाच तुलना करा, खालचा तारा हवेमुळे मंद आणि तांबूस दिसतो. आणि काक्षीकडे टक लावून बघू नका. तांबडा तारा जितका वेळ पाहावा तितका तेजस्वी वाटत जातो. झटकन एक नजर काक्षीवर, एक तुलनेच्या ताऱ्यावर, आणि लगेच आकडा लिहून टाकायचा.